मार्गदर्शकाची पहिली भेट आणि नेमबाजाच्या मनाचा सराव

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा जो मधला ठिपका असतो, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. बॉलपेनने वहीत दिलेला पूर्णविराम साधारण तेवढाच भरतो. त्या ठिपक्यावर ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे, आणि जास्तीत जास्त साडेपाच किलो वजनाची रायफल प्रत्येक वेळी नव्याने उचलून, उभ्याने, श्वास आवरून मारायचे, एवढाच हा खेळ आहे. दोन-तीन वर्षे नियमित सराव केलेल्या मुलामुलींना उभे राहणे, रायफल खांद्याला लावणे आणि चाप दाबणे यांतले बहुतेक सगळे येत असते. तरीही क्लबच्या रेंजवर सहज ६२० गुणांच्या पुढे जाणारा नेमबाज राज्य स्पर्धेत ६१० च्या आसपास येऊन थांबतो, आणि परतीच्या प्रवासात गाडीत कोणी काही बोलत नाही. हा लेख त्या गाडीत बसलेल्या नेमबाजासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी आहे. मार्गदर्शक कसा शोधावा, पहिल्या भेटीला काय घेऊन जावे आणि त्याच्याकडून मिळालेला मनाचा सराव रोजच्या दिवसात कसा बसवावा, हे मी स्वतः ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने सांगतो.

माझ्यावर ही वेळ कशी आली ते आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एका राज्य स्पर्धेत माझ्या पहिल्या चार सिरीज (एक सिरीज म्हणजे दहा शॉट; गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) १०३.२, १०२.८, १०३.५ आणि १०२.९ अशा गेल्या. चाळीस शॉटनंतर ४१२.४ गुण झाले होते. मी रायफल स्टँडवर ठेवली आणि मनातल्या मनात बेरीज केली, की उरलेल्या दोन सिरीज अशाच गेल्या तर ६१८ च्या पुढे जाऊ आणि स्पर्धेतले आपले आजवरचे सर्वांत चांगले गुण होतील. त्यानंतरची सिरीज १०१.१ गेली आणि शेवटची ९७.६. एकूण ६११.१. रायफल तीच होती, छर्‍यांची डबी तीच होती, जॅकेटची बटणेही सैल झाली नव्हती. बेरीज केल्यापासून मी शॉट मारणे सोडून गुण राखायला लागलो होतो, एवढाच काय तो फरक पडला होता. पण हे मला त्या दिवशी कळले नाही. मला वाटले, माझे मन कमकुवत आहे. पुढचे चार महिने मी हेच समजून चाललो, आणि माझ्या मते त्या चार महिन्यांनी माझे जेवढे नुकसान केले तेवढे त्या स्पर्धेने केले नव्हते.

प्रशिक्षक असताना मार्गदर्शक कशाला, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. क्लबचा प्रशिक्षक एका वेळी दहा-पंधरा जणांकडे पाहत असतो. उभे राहण्याची पद्धत, सुरक्षिततेचे नियम, स्पर्धांचे अर्ज, शॉट कुठे लागला ते दाखवणारा मॉनिटर बंद पडला तर तोही त्यालाच पाहावा लागतो. मार्गदर्शक हा तुमच्या रोजच्या धावपळीबाहेरचा, पण या खेळातूनच गेलेला माणूस असतो, आणि त्याचे काम एकच असते, ते म्हणजे तुम्हाला स्वतःचे जे दिसत नाही ते पाहणे. क्वचित एकच व्यक्ती दोन्ही भूमिका पार पाडते. महाराष्ट्राच्या रायफल नेमबाजीत अशी एक साखळीच आहे. मुंबईत संजय चक्रवर्ती यांनी अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे अशी पिढी घडवली. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा शिरूर २००४ साली अथेन्सच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, आणि दीपाली देशपांडेही त्याच अथेन्समध्ये खेळल्या. पुढे दीपाली देशपांडे यांच्याच हाताखाली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तयार झाला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक जिंकले. त्या अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या आणि झोपून मारायच्या सिरीज संपल्या तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्याने मारायच्या सिरीजमध्ये, म्हणजे जिथे शरीर सर्वांत जास्त हलते तिथे, तो वर आला. मागे असताना घाई न करणे हे एका दिवसात अंगी येत नाही. ते कोणीतरी कोणाला तरी वर्षानुवर्षे शेजारी उभे राहून दिलेले असते.

शोध आणि पहिला निरोप

मार्गदर्शक शोधायचा तर पदकांच्या यादीतून शोधू नये. मोठे नाव असलेला प्रत्येक नेमबाज दुसऱ्याचे निरीक्षण करू शकतोच असे नाही, आणि राष्ट्रीय स्पर्धेत कधी पहिल्या वीसातही न आलेला एखादा माणूस तुमच्या खांद्याकडे पाहून तुम्ही काल नीट झोपला नाहीत हे सांगू शकतो. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी, कोल्हापुरात दुधाळी अशा रेंजवर स्पर्धा असेल त्या दिवशी आपला सामना संपल्यावर लगेच निघून जाऊ नका. मागच्या बाकावर बसा आणि लक्ष्याकडे न पाहता माणसांकडे पाहा. वाईट सामन्यानंतर कोणता खेळाडू कोणाकडे चालत जातो, आणि ती व्यक्ती त्याला आधी बोलू देते की आधी चुका सांगते, एवढे दोन-तीन स्पर्धांत नीट पाहिले तर नावे आपोआप पुढे येतात. जिल्हा रायफल संघटनेत किंवा आपल्याहून चार-पाच वर्षे मोठ्या नेमबाजांकडेही विचारावे. मी माझ्या मार्गदर्शकांपर्यंत, म्हणजे या लेखात ज्यांना सर म्हटले आहे त्यांच्यापर्यंत, पोहोचलो तो अशाच एका ताईमुळे. तिचा सामना माझ्याहून वाईट गेला होता, आणि तरी ती तासाभराने बाहेर टपरीवर शांतपणे चहा पीत होती. तिला कोणी शिकवले, हे मी विचारले.

संपर्क करण्याआधी आपल्या प्रशिक्षकाला सांगणे अत्यंत आवश्यक आहे. लपवून केलेली भेट पुढे कधीतरी उघडी पडतेच, आणि मग दोन मोठ्यांच्या मध्ये खेळाडू अडकतो. मी माझ्या प्रशिक्षकांना म्हणालो, "सर, स्पर्धेत शेवटच्या वीस शॉटमध्ये माझे काय होते ते मला समजून घ्यायचे आहे, त्यासाठी मी अमुक सरांना भेटू का?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "भेट. आणि ते काय सांगतात ते मलाही सांग." पुढे तीन वर्षे दोघे एकमेकांशी फोनवर बोलत राहिले, आणि त्याचा सगळा फायदा मला झाला.

पहिला निरोप छोटा आणि नेमका असावा. आपण कोण, किती वर्षे कोणत्या प्रकारात खेळतो, अडचण एका वाक्यात, आणि त्यांच्या सोयीने एक तास मागणे, इतके पुरते. "सर, मला ऑलिम्पिकला जायचे आहे, कृपया मार्गदर्शन करा" असा निरोप आला तर समोरच्याला उत्तर द्यायला काही धागाच मिळत नाही. "चाळीस शॉटनंतर माझी सिरीज पाच-सहा गुणांनी पडते आणि असे गेल्या चारपैकी तीन स्पर्धांत झाले" असे लिहिले की बोलण्याला सुरुवात मिळते. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करून द्यावी. मला अकराव्या दिवशी उत्तर आले: रविवारी सकाळी साडेसातला ये, रायफल आण, डायरी आण, मेडल आणू नकोस.

पहिल्या भेटीत काय होते

डायरी माझ्याकडे होती, पण तिच्यात फक्त गुण होते. सरांनी ती चाळली, मिटली आणि बाजूला ठेवली. "हे तर मॉनिटरलाही माहीत आहे. तुला काय माहीत आहे?" असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून पहिली सूचना ही, की भेटीपूर्वी किमान तीन आठवडे डायरी वेगळ्या पद्धतीने लिहावी. प्रत्येक सिरीजनंतर दोन ओळी: शॉट सुटण्याच्या क्षणी माझे लक्ष कुठे होते, आणि खराब शॉटनंतर पुढच्या शॉटपर्यंत मी काय केले. गुण लिहायचेच असतील तर पानाच्या अगदी शेवटी. अशी वही घेऊन गेलात तर मार्गदर्शकाचा आणि तुमचा एक महिना वाचतो.

त्या दिवशी सर माझ्या मागे, उजव्या खांद्याच्या रेषेत, एक स्टूल घेऊन बसले आणि चाळीस मिनिटे एक शब्दही बोलले नाहीत. मला वाटले होते की ते रायफलकडे पाहत असतील. ते पाहत होते माझ्या मानेकडे. तिसाव्या शॉटनंतर ते उठले, गळ्यातला पिवळा नॅपकिन काढला आणि माझ्या उजवीकडच्या मॉनिटरवर टाकला. "आता मार," ते म्हणाले, "आणि प्रत्येक शॉटनंतर, कपडा न उचलता, शॉट कुठे गेला ते मला सांग."

पहिल्या पाच शॉटमध्ये मला काहीच सांगता येईना. मी "दहा असेल" असे म्हणायचो आणि ते वहीत लिहून घ्यायचे. वीस शॉट झाल्यावर त्यांनी नॅपकिन उचलला आणि माझा अंदाज व मॉनिटरवरचे चित्र शेजारी शेजारी ठेवले. वीसपैकी सहा ठिकाणी मी दिशा बरोबर सांगितली होती. बाकीच्या चौदा शॉटच्या वेळी माझे डोळे उघडे होते, डायऑप्टरमधून, म्हणजे नेम धरायच्या मागच्या बारीक छिद्रातून, मी पाहत होतो, आणि तरीही चाप सुटला तेव्हा समोर काय होते हे मला ठाऊक नव्हते. कारण त्या क्षणाच्या किंचित आधीच माझी नजर मॉनिटरकडे जायला निघालेली असायची, आणि नजरेबरोबर गाल दस्त्यावरून केसभर सुटायचा. चाप सुटल्यावरही छर्‍याला नळीबाहेर पडायला काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात रायफल जिकडे हलेल तिकडे तो जातो. "तुझे मन कमकुवत नाही," सर म्हणाले. "ते घाईने निकाल बघायला पळते. त्याला इथे थांबायला काहीतरी काम दे."

चार महिने मी ज्याला स्वभावदोष समजत होतो तो मानेच्या एका हालचालीत बसणारा, आणि म्हणून सुधारता येणारा दोष होता. पहिल्या भेटीतून चांगल्या मार्गदर्शकाने हेच करायचे असते: "आत्मविश्वास वाढव", "टेन्शन घेऊ नकोस" असल्या हवेतल्या शब्दांतून अडचण बाहेर काढून ती शरीराच्या एखाद्या कृतीत दाखवून द्यायची. पहिल्या दोन भेटींत तसे काहीच झाले नाही, नुसती प्रेरणादायी भाषणे ऐकून घरी आलात, तर नम्रपणे आभार मानावेत आणि शोध पुढे चालू ठेवावा.

मनाचा सराव, रोज आणि हाताने

सर्वांत आधी करायचा तो हाच नॅपकिनचा सराव. आठवड्यातून दोन दिवस, वीस-वीस शॉट, मॉनिटर झाकून. प्रत्येक शॉटनंतर रायफल खाली न आणता मनात दोन आकडे मोजायचे, मग शॉट कुठे गेला ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बोलायचे, जसे "दहा, तीन वाजता" किंवा "नऊ, सात वाजता", आणि कोणाला तरी लिहून घ्यायला सांगायचे. कोणी नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करावा. नेमबाज याला कॉल देणे म्हणतात. कॉल बरोबर यायला लागला याचा अर्थ शॉट सुटण्याच्या क्षणी लक्ष समोर होते. मला वीसपैकी सोळापर्यंत यायला अडीच महिने लागले, आणि त्या काळात माझे गुण आधी खाली गेले. हे पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण याच टप्प्यावर "याने तर खेळ बिघडला" असे वाटून अनेक जण सराव सोडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे शॉटची स्वतःची ओळखीची वाट. रायफल उचलल्यापासून खाली ठेवेपर्यंत आपण काय काय करतो ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. माझ्या आठ ओळी होत्या. पाय जागेवर आहेत का, डोळे मिटून दोन श्वास, आणि डोळे उघडल्यावर नेम आपोआप कुठे येतो ते पाहणे, तो बाजूला येत असेल तर हाताने न ओढता पाय किंचित सरकवणे, गाल टेकवणे, श्वास अर्धा सोडून थांबणे, चापाचा पहिला टप्पा घेणे, लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवतीचा पांढरा गोल सारखा दिसतो आहे ना तेवढेच पाहणे, शॉट गेल्यावर तिथेच राहणे. यांतली एखादी ओळ लिहिताना अडखळलात तर ती पायरी तुम्ही प्रत्येक वेळी वेगळी करत आहात असे समजावे. ओळी पाठ झाल्या की त्यांतून एकच शब्द उरू द्यावा. माझा शब्द होता "गोल". चापावर बोट असताना मनात हा एकच शब्द म्हणायचा, म्हणजे बेरजेला जागा राहत नाही.

यानंतर येते ती माझ्या मते या खेळातली सर्वांत कठीण कला: रायफल खाली घेणे. श्वास थांबवल्यावर साधारण सहा ते आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर नजर धूसर होऊ लागते, हात थरथरू लागतो, आणि तरीही मन म्हणते, "आता आलोच आहोत तर मारून टाकू." तो शॉट बहुधा नऊ किंवा त्याखाली जातो. सरांनी मला एक संपूर्ण रविवार फक्त खाली घेण्याचा सराव दिला. तीस वेळा रायफल उचलायची, नेम अगदी नीट बसला असतानाही, ते "खाली" म्हणाले की खाली घ्यायची. सतराव्या-अठराव्या वेळी मला अक्षरशः रडू आले, कारण समोर उत्तम दहा दिसत होता आणि तो सोडून द्यायचा होता. पण नंतरच्या स्पर्धेत जेव्हा छाती धडधडू लागली तेव्हा खाली घेणे मला हरल्यासारखे वाटले नाही. ते सरावातलेच एक काम वाटले. घरी हा सराव दहा वेळा केला तरी पुरतो, शेजारी आकडे मोजणारा धाकटा भाऊ असला म्हणजे झाले.

खाली घ्यायला वेळ कुठे आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हिशेब मांडावा. एका शॉटला सरासरी ५० सेकंद धरले तर ६० शॉटला ५० मिनिटे लागतात. सामना ७५ मिनिटांचा आहे. नेम जुळवण्याची आधीची १५ मिनिटे वेगळीच. म्हणजे प्रत्येक नेमबाजाच्या खिशात २५ मिनिटे शिल्लक असतात, आणि बहुतेक जण ती न वापरताच घरी घेऊन जातात. खराब शॉटनंतर रायफल स्टँडवर ठेवून दोन मिनिटे खुर्चीत बसणे हा तुमचा हक्क आहे. बसल्यावर काय करायचे तेही आधी ठरलेले असावे: पाण्याचा एक घोट, चार आकड्यांत श्वास आत आणि सहा आकड्यांत बाहेर असे पाच-सहा श्वास, आणि उठताना आठ ओळींतली पहिली ओळ. श्वास बाहेर सोडण्याचा वेळ लांबवला की हृदयाची गती थोडी उतरते, त्याला विशेष साधना लागत नाही. पण स्पर्धेत ते आठवावे म्हणून रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे करावे.

घरचा सराव म्हणजे मुख्यतः ड्राय फायरिंग, छर्रा न भरता नुसता चाप दाबणे. यात सुरक्षिततेत कसूर नको. रायफलमध्ये छर्रा नाही याची स्वतः खात्री करून घ्यावी, नळीचे तोंड नेहमी सुरक्षित दिशेला असावे, आणि त्या खोलीत समोरच्या बाजूने कोणी येणार नाही हे घरच्यांना सांगून ठेवावे. माझ्या सरांची रीत अशी होती, की लक्ष्य लावायचे नाही, कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे पाहून मारायचे. भिंतीवर चूक की बरोबर हे सांगणारे काही नसते, त्यामुळे मन आपोआप हाताच्या संवेदनेकडे वळते. रोज अर्धा तास पुरे. कंटाळा आला की थांबावे. कंटाळलेल्या मनाने केलेले शंभर शॉट वाईट सवय पक्की करतात.

मनातल्या मनात सामना खेळण्याबद्दल बरेच बोलले जाते आणि ते बहुतेक चुकीचे केले जाते. डोळे मिटून पदक गळ्यात पडताना पाहणे म्हणजे दिवास्वप्न झाले. त्याचा शेवटच्या वीस शॉटशी काही संबंध नाही. उपयोगी सराव असा: स्टूलवर बसावे, घड्याळ लावावे, शक्य तर हातात दस्ता धरावा, आणि दहा शॉटची एक सिरीज प्रत्यक्षात लागेल तेवढ्याच वेळात, म्हणजे आठ-नऊ मिनिटांत, एकेक ओळ म्हणत मनात मारावी. त्या सिरीजमध्ये एक शॉट जाणूनबुजून ८.९ घालवावा. पोटात खड्डा पडल्यासारखे होते ते होऊ द्यावे, रायफल मनातच स्टँडवर ठेवावी, खुर्चीत बसावे, श्वास घ्यावेत, उठावे आणि पुढचा शॉट मारावा. चांगल्या शॉटची कल्पना सगळेच करतात. वाईट शॉटनंतर उठून उभे राहण्याची कल्पना केलेली असली तर स्पर्धेत ती वाट ओळखीची वाटते.

दडपणाचा सराव मात्र माणसांबरोबरच करावा लागतो. ऑलिम्पिक आणि विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आठ जण असतात, शेवटच्या टप्प्यात एकेका शॉटला ५० सेकंद मिळतात, निवेदक मोठ्याने गुण सांगत असतो, संगीत आणि टाळ्या चालू असतात. २००८ साली बीजिंगमध्ये शेवटच्या शॉटपूर्वी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन यांचे गुण अगदी सारखे होते, बिंद्राने १०.८ मारला आणि हॅकिनेनचा ९.७ गेला. असा क्षण रेंजवर हुबेहूब उभा करता येत नाही, पण त्याच्या जवळ जाता येते. महिन्यातून एकदा क्लबमधल्या चौघा-पाच जणांनी मिळून अंतिम फेरी खेळावी, एकाने ५० सेकंद मोजावेत, एकाने प्रत्येक शॉटनंतर सर्वांचे क्रमांक मोठ्याने सांगावेत, आणि बाकीच्यांनी मनसोक्त गोंगाट करावा. धडधड होईल. ती थांबवायचा प्रयत्न करू नये. सर म्हणायचे, "घोडा पळतोय तर पळू दे, तू खोगीर सोडू नकोस." माझी धडधड शेवटच्या स्पर्धेपर्यंत गेली नाही, तिच्यासकट शॉट मारता येतो एवढे मात्र कळले.

काही गोष्टींत सावध राहावे

अठरा वर्षांखालील खेळाडूने मार्गदर्शकाला एकट्याने, बंद जागेत भेटू नये. आई, वडील किंवा क्लबचे कोणी सोबत असावे आणि भेट रेंजवर, सर्वांसमोर व्हावी. जो चांगला मार्गदर्शक आहे तो स्वतःच तसा आग्रह धरतो. सहा महिन्यांत पदकाची हमी देणारा, इतर प्रशिक्षकांची नालस्ती करणारा, दर भेटीला नवी रायफल किंवा नवे जॅकेट घ्यायला सुचवणारा, किंवा आपल्याला विचारल्याशिवाय काहीच करू नकोस म्हणणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्यापासून दूर राहावे. मानधनाचे बोलणे पहिल्याच भेटीत पालकांनी स्पष्टपणे करावे. संकोचाने मागे ठेवलेला पैशाचा विषय पुढे नात्यात खडा होऊन बसतो.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. मनाचा सराव हा खेळासाठी आहे, उपचार म्हणून त्याचा वापर होत नाही. मूल आठवडे झाले तरी नीट झोपत नसेल, जेवण तुटले असेल, रेंजचे नाव काढताच घाम फुटत असेल, किंवा "जगून काय उपयोग" असे काही बोलत असेल, तर मार्गदर्शकाकडे न जाता थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टेली मानस ही केंद्र सरकारची मोफत फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. सरांनीही माझ्यासमोर एका मुलीच्या वडिलांना तिच्या सरावाचे वेळापत्रक परत केले होते आणि म्हणाले होते, "आधी डॉक्टर. रेंज कुठे जात नाही."

भेटींच्या मधले दिवस

मार्गदर्शकाला रोज फोन करू नये. आमचे ठरले होते ते असे: महिन्यातून एक भेट, दर पंधरवड्याला दहा मिनिटे फोन, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी काहीही नाही. फोनवर बोलण्यासाठी एकच प्रश्न घेऊन बसायचा, तोही आधी डायरीत लिहून. सांगितलेला सराव केला नसेल तर तसे सरळ सांगावे. एकदा मी नॅपकिनचा सराव केल्याचे खोटे सांगितले होते. पुढच्या भेटीत चौथ्या शॉटलाच ते उघडे पडले, सर काही बोलले नाहीत, पण त्यांनी त्या दिवशी स्टूल आणले नाही आणि मी ओशाळून आपणहून कबूल केले. एका भेटीत एकच नवी गोष्ट घ्यावी आणि ती किमान तीन आठवडे तशीच चालवावी. दुसऱ्या कोणी त्याच काळात काही वेगळे सुचवले तर ते डायरीच्या मागच्या पानावर टिपून ठेवावे आणि पुढच्या भेटीत विचारावे.

स्पर्धेनंतरचा नियम सर्वांत उपयोगी पडला. गुण कळवण्याआधी डायरीच्या पानाचा फोटो पाठवायचा, आणि तोही त्याच दिवशी झोपण्यापूर्वी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सामन्याची गोष्ट बदलून सांगू लागतो. पुढच्या वर्षीच्या राज्य स्पर्धेत पंचेचाळिसाव्या शॉटला माझा ८.८ गेला. मी बसलो, पाणी प्यायलो, सहा श्वास घेतले, उठलो, आणि सेहेचाळिसावा शॉट मारण्यापूर्वी दोन वेळा रायफल खाली घेतली. रात्री बसमधून मी सरांना पान पाठवले. त्यात लिहिले होते की ८.८ चा कॉल मी मॉनिटर पाहण्याआधी बरोबर दिला होता, "आठ, पाच वाजता". दहा मिनिटांनी त्यांचा निरोप आला. गुण त्यांनी विचारलेच नव्हते. त्यांनी विचारले होते, दोनदा खाली घेतलीस तेव्हा तुला काय दिसले होते?

ते मी लिहिलेले नव्हते. बसमधल्या मिणमिणत्या दिव्याखाली मी पुन्हा डायरी काढली आणि लिहायला बसलो.